एमाचं एनीवे

रविवार, ३ ऑगस्ट. देवपूर, धुळे.
स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तशी गरज नव्हती. जन्मभर एसटीच्या ऑफिसात इंग्रजी ड्राफ्टिंग मीच केलं. पण हितेंद्र आणि सूनबाई एमा लीड्सहून व्हिडिओ कॉल करतात तेव्हा माझी वाक्यं सुटी पडतात. सर म्हणाले, वाक्यं जोडणारे शब्द वापरा. बाय द वे. स्पीकिंग ऑफ दॅट. एनीवे म्हणजे नवा विषय.
संकल्प : गप्पा वळवत दिवाळीवर आणायच्या, मग सहज विचारायचं, येताय ना? लग्नानंतर दोघं आलेलेच नाहीत. थेट विचारणं अडाणीपणाचं दिसतं.

१० ऑगस्ट.
उत्तम. एमा हवामानावर बोलली, मग म्हणाली एनीवे. मी लगेच भुसावळचं रेल्वे यार्ड घेतलं. पुन्हा एनीवे. मी केळी घेतली. पोरीला बोलायची हौस दांडगी. दिवाळीपर्यंत पोचलो नाही. नेटवर्क.
बायकोने, बेबाने, विचारलं, "दिवाळीनं इचारं का?" तिला समजावलं, इंग्रजीत असं धाडकन विचारत नाहीत.

१७ ऑगस्ट.
एमा म्हणाली, आय विल लेट यू गो. काय अदब! सासऱ्याला जायची मोकळीक देते. मी म्हटलं, नो नो, आय ॲम फ्री. पद्मालयाचा गणपती पूर्ण सांगितला. हितेंद्र जांभया देत होता. पोरगा आळशीच.

२४ ऑगस्ट.
कॉल नाही. पाहुणे आले असतील.

३१ ऑगस्ट.
नाही. क्लासच्या सरांचे उच्चार कच्चे आहेत.

गुरुवार, ४ सप्टेंबर.
हितेंद्रचा एकट्याचा फोन. म्हणाला, "आबा, ती एनीवे म्हने ना, तवय फोन ठेवाना ऱ्हास." लेट यू गो म्हणजेही तेच. मी म्हटलं, मला माहीत होतं, तिची परीक्षा घेत होतो. तो हसला नाही. रविवार आला की एमाला टेन्शन येतं म्हणाला.
जेवलो नाही. ॲसिडिटी.

रविवार, ७ सप्टेंबर.
कॉल आला. हवामान झालं. एमा एनीवे म्हणाली, त्याच क्षणी मी ओके, बाय, टेक केअर. अचूक. तिने पहिल्यांदाच मनापासून हात हलवला. दोघांचे चेहरे मोकळे झाले.
फोन ठेवल्यावर आठवलं, दिवाळीचं राहिलं.
बेबा दारात उभी. काय म्हणाले विचारलं. मी म्हटलं, येतील.
आता ती एरंडोलला बहिणीला फोनवर पोरगा येतोय म्हणून सांगते आहे, पोऱ्या ई ऱ्हायना. आवाज इथवर येतोय. मी लिहीत बसलोय.