धुराड्याशिवाय

१४ सप्टेंबर

धुराडं नाही! नाही म्हणजे नाही! आज पुन्हा तोच वाद. सासूबाई जुन्या घराच्या पायरीवर बसून अंगणापलीकडच्या नव्या भिंतींकडे असं बघतात, जणू मी तिथे तुरुंग बांधतेय. "धुराडं नसलेलं घर कसलं? खोकं आहे ते." मी म्हटलं, आई, भिंतीत हातभर जाड लोकर भरलीय, काचा तिहेरी आहेत, चुलीची गरजच नाही. "गरज तुला नसेल." एवढं बोलून मिरच्या भाजायला उठून गेल्या.

रादिशा — माझा नवरा आणि त्यांचा लाडका — पाव चघळत म्हणतो, "दोघींच्या मध्ये मी पडत नाही." नको पडूस! पण डॉक्टर बजावत होते तेव्हा तूही तिथेच होतास ना? त्या ओलसर खोलीत, त्या धुरात आणखी एक हिवाळा आईंची छाती काढणार नाही. म्हणून तर बेलग्रादचा फ्लॅट विकून या डोंगरात आलो. बर्फ पडायच्या आत त्यांना नव्या घरात आणायचंय. बाकी मला काही नको.

२ ऑक्टोबर

काचा आल्या. चुकीच्या मापाच्या.

११ ऑक्टोबर

हवा खेळती ठेवणारं यंत्र बसलं एकदाचं. छतातल्या झरोक्यांतून ताजी हवा येते, तीही कोमट होऊन. दुपारी बघते तर झरोक्यात रादिशाचे लोकरी मोजे कोंबलेले! "झुळूक मानेला लागली की माणूस गेलाच," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे लोक युद्धाला घाबरले नसतील एवढे झुळुकीला घाबरतात. आणि मिलोये मिस्त्री, ज्याने तो झरोका स्वतः बसवला, तोही मान डोलावत होता. हा बांधणार माझं घर!

२६ ऑक्टोबर

आज घराची परीक्षा होती. दारात मोठा पंखा लावून आतली हवा ओढतात, कुठे फट असेल तर लगेच कळतं. नापास! तपासायला आलेला माणूस भिंतींवरून हात फिरवत सासूबाईंच्या खोलीत गेला, कपाट सरकवलं — मागे ताटलीएवढं भोक! आत चिंध्या.

मिलोये टोपीखाली खाजवायला लागला. "मावशी म्हणाल्या, चुलीच्या नळीला लागेल. आणि घरी गाळलेली राकिया पण अशी फर्मास पाजली हो त्यांनी..."

मी ओरडले. सगळ्यांवर. सासूबाईंचं एकच, "सकाळी घरातून धूर निघाला पाहिजे. बास."

"या रानात धूर बघायला कोण बसलंय, आई?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी घाण बोलले. मी भोक बुजवून घेतलं. समोर उभी राहून.

४ नोव्हेंबर

पास. एकटीनेच कॉफी प्यायले.

१ डिसेंबर

आम्ही नव्या घरात, सासूबाई जुन्याच. "उद्या येते." रोज उद्या! या काचांतून त्यांचा खोकला ऐकू येत नाही, म्हणून रादिशा झोपेतून उठून बघून येतो. केवढं सुख हे नव्या घराचं.

१३ डिसेंबर

गुडघाभर बर्फ. रस्ता बंद. संध्याकाळी सासूबाई चुलीपाशी बसलेल्या सापडल्या, ओठ निळे. रादिशाने विचारलंच नाही, पांघरुणासकट उचलून नव्या घरात आणलं. त्या त्याच्या पाठीत बुक्क्या मारत होत्या. "सोड रे गाढवा! चूल विझेल माझी!" विझू दे!

१४ डिसेंबर

खोकला कमी. पण तोंड फुगलेलं. सकाळपासून खिडकीशी बसून समोरच्या टेकडीकडे बघतायत. सूपसुद्धा घेतलं नाही. म्हणे, "मला तिकडे जाऊ दे, चूल पेटवून येते." रिकाम्या घरात जाळ कशाला? मी बूट लपवून ठेवले. कंटाळले मी या बाईला!

१५ डिसेंबर

दार वाजलं. समोरच्या टेकडीवरच्या स्तामेनाबाई. ऐंशी उलटलेल्या, कंबरेपर्यंत भिजलेल्या. ओढा ओलांडून, चढ चढून आल्या होत्या. हातात मेणबत्ती, काखेत पांढरं कापड.

"कुठे ठेवलंय तिला? आंघोळ घातलीत का?"

तेवढ्यात आतून सासूबाई कडाडल्या, "मेले नाही गं सटवे! हिने काचेच्या पेटीत घातलंय मला!" मग दोघी गळ्यात पडून रडल्या, हसल्या, एकमेकींना शिव्या दिल्या.

कॉफी पिताना कळलं. दोघींचे नवरे गेल्यापासून हे चालू आहे. उजाडलं की आधी चूल पेटवायची, मग समोर बघायचं. धूर दिसला, म्हणजे ती आहे. स्तामेनाबाई कानाने अधू, फोनचा उपयोग नाही. त्यांना दोन सकाळी आमच्याकडे धूर दिसला नाही.

"मला सांगायचं ना, आई!"

"धूर, धूर म्हणून दुसरं काय सांगत होते मी?"

लाज वाटली. फार वाटली. राहा म्हटलं तर स्तामेनाबाई ऐकेनात, कोंबड्या उपाशी आहेत म्हणे. रादिशाने ट्रॅक्टरवरून सोडलं.

१६ डिसेंबर

अंगणात जुनं पिंप ठेवलं. उजाडताच त्यात जाळ केला, वर ओलं गवत टाकलं. ऊर्जा वाचवणारं घर, आणि घरची बाई बाहेर बर्फात धूर करत बसलीय! मिलोये पोट धरून हसला. हसू दे. भिंतीला भोक तर पाडलेलं नाही. थोड्या वेळाने समोरून धूर निघाला. सासूबाई जेवल्या.

९ जानेवारी

आपला धूर केव्हाच वर गेला. समोर अजून नाही. रादिशा ट्रॅक्टर काढतोय. आई दारात बूट घालून उभ्या आहेत, आणि त्यांच्या छातीबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते मी तोंडातून काढलं नाही. मीही निघालेय.