सात दिवसांच्या मुक्कामाबाबत

दि. १४ जुलै २०२६
मु. पो. वालूर, ता. सेलू, जि. परभणी

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
गोदातीर विद्यापीठ, विभागीय कार्यालय, परभणी.

विषय : बी.ए. पदवीसाठी कमी दाखवलेले दोन श्रेयांक जमा करून राखून ठेवलेला निकाल २२ जुलैपूर्वी जाहीर करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र, दि. ९ जून.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

अर्जदार : कु. धम्मशीला नागसेन खिल्लारे, बी.ए. तृतीय वर्ष, दुधनाकाठ महाविद्यालय, सेलू.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सादर की, आपल्याच नियमपुस्तिकेप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक लागतात, मग ती बी.ए. असो, बी.कॉम. असो की बी.एस्सी. अर्जदाराचे १३० भरले आहेत. सहाही सत्रांत तिचा एकही विषय राहिलेला नाही आणि समाजशास्त्रात ती महाविद्यालयात पहिली आहे. उरलेले दोन श्रेयांक राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराचे आहेत. त्या रकान्यात अर्जदार गैरहजर आहे.

२. सदर शिबिर गेल्या जानेवारीत वालूरच्या शाळेत भरले होते. वालूर हे अर्जदाराचेच गाव असून शाळेपासून तिचे घर दोन गल्ल्या सोडून आहे. शिबिराचा आचारी दुसऱ्याच दिवशी न सांगता निघून गेला. तेव्हा अर्जदार व तिची आई सरजाबाई, ज्या त्याच शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करतात, या दोघींनी पुढचे सहा दिवस पन्नास जणांच्या भाकरी थापल्या. सकाळी भाकरी, मग नालीसफाईचे श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी पुन्हा भाकरी. ‘ग्रामीण जीवन समजून घेताना’ हे व्याख्यान मात्र अर्जदाराचे बुडाले, कारण पाहुण्यांना पिठले हवे होते आणि ती चुलीपुढे होती. हे तिला मान्य आहे.

३. आता मुक्कामाचे. मुली चौदा होत्या आणि गाद्या बारा. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी सर्वांसमोर अर्जदारास सांगितले, “तू तर गावातलीच. तुझी गादी दुसरीला दे आणि झोपायला घरी जात जा.” सरांचा शब्द म्हणून अर्जदार घरी गेली. तरीही एक गादी कमी पडत होती, म्हणून तिने घरून आईची गोधडी आणून मानवतच्या निकिताला पांघरायला-अंथरायला दिली. हजेरी मात्र रोज जेवणे उरकल्यावर, अर्जदार भांडी घासून घरी पोचल्यानंतर घेतली गेली. गोधडी सातही दिवस शिबिरात मुक्कामाला होती, अर्जदार नव्हती. हुकूम पाळणारीला शिक्षा झाली आणि हुकूम देणारे सर आता म्हणतात की असे काही लेखी नाही.

४. त्रुटीपत्र मिळताच अर्जदार आपल्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर आली. तेथील लिपिकांनी सांगितले की, शिबिराच्या काळात गावात मुक्काम केल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला आणा, बघू. अर्जदार दाखल्यासाठी गेली तर ग्रामसेवक हसायला लागले. तू कुठे झोपलीस हे मी कसे लिहू, म्हणाले, आणि अर्जदार जन्मापासून, म्हणजे एकवीस वर्षे, वालूर येथे राहत असल्याचा दाखला शिक्क्यासह दिला. तो घेऊन ती पुन्हा परभणीस आली. दाखला खालीवर वाचून लिपिक म्हणाले, “बाई, एकवीस वर्षं नकोत. सात दिवस पायजेत.”

५. याच खिडकीवर अर्जदारास पुढील सल्ले फुकट मिळाले. एक, दुसऱ्या वर्षाचे ८८ श्रेयांक पूर्ण असल्याने तिने पदविका घेऊन बाहेर पडावे. म्हणजे तीन वर्षे शिकून दोन वर्षांचा कागद घ्यावा. दोन, चौथ्या वर्षाला प्रवेश घेऊन १७६ श्रेयांकांची ऑनर्स पदवी करावी, त्यात हे दोन जाता जाता भरून निघतील. म्हणजे दोन श्रेयांकांसाठी आणखी चव्वेचाळीस कमवावेत. आणि येत्या जानेवारीत पिंगळीला शिबिर आहे, तिथे राहावे. पिंगळीला अर्जदाराचे कोणी नाही, तिने तिथे एकही भाकर थापली नाही तरी चालेल, तिथे ती हजर धरली जाईल.

६. याहून संतापाची गोष्ट अशी की विद्यापीठाने या शिबिराचा अहवाल स्वीकारून महाविद्यालयास प्रशंसापत्र दिले आहे. त्या अहवालात छायाचित्र क्रमांक सहामध्ये अर्जदार व तिची आई तव्यापुढे बसलेल्या आहेत. खाली लिहिले आहे, ‘शिबिराचा लाभ घेणाऱ्या स्थानिक महिला’. शिबिराला खाऊ घालणारी बाई लाभार्थी कशी झाली, हे विद्यापीठाने एकदा समजावून सांगावे. तीच मुलगी फोटोत हजर आणि हजेरीत गैरहजर, आणि दोन्ही कागदांवर सही त्याच कार्यक्रम अधिकाऱ्यांची आहे.

७. अर्जदाराची अंगणवाडी पर्यवेक्षिका या पदासाठी निवड यादीत चौथ्या क्रमांकावर निवड झाली आहे. कागदपत्रांची तपासणी २२ जुलै रोजी आहे. त्या दिवशी पदवी दाखवली नाही तर नाव कटून पाचव्या क्रमांकाच्या उमेदवारास बोलावले जाईल. अर्जदाराच्या आईने वीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांना जेवू घातले ते आपली लेक कधीतरी खुर्चीवर बसावी म्हणून. हे सगळे प्रकरण ऐकून ती एवढेच म्हणाली, “भाकरी खाताना कुनी हजेरी घेतली न्हाई, मंग आता काऊन घ्यायलेत?” याचे उत्तर आपल्याकडे असल्यास लेखी द्यावे.

८. आतापर्यंत ‘अर्जदार’ असे लिहिले, कारण तशी पद्धत आहे. यापुढचे मी लिहिते. मला दया नको आणि सूट नको. मी जे केले ते माझ्या नावावर मांडा, एवढेच मागणे आहे. आणि नियम असाच असेल की जे सातही दिवस शाळेत मुक्कामी होते त्यालाच श्रेयांक, तर ते दोन श्रेयांक आमच्या गोधडीला द्या. तिची हजेरी पूर्ण आहे. पदवीदान समारंभात गोधडीची पदवी घ्यायला माझी आई येईल, कारण गोधडी तिनेच शिवलेली आहे.

नम्रता आता फारशी उरलेली नाही, तरी रीत म्हणून,

आपली नम्र,
धम्मशीला नागसेन खिल्लारे

सोबत जोडले :
१) सहा सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती.
२) एकवीस वर्षांच्या रहिवासाचा दाखला.
३) शिबिर अहवालातील छायाचित्र क्रमांक सहा.
४) निकिताचे सहीचे पत्र, की गोधडी कोणी दिली आणि भाकरी कोणी केल्या.
५) गोधडी, एक नग. पाहून झाल्यावर परत करावी. थंडीच्या आत मिळाली तर बरे, आईला दुसरी नाही.