खांबाच्या डावीकडे

बाबा, आज कंबोईच्या किनाऱ्यावर जाऊन आले. तुमचे कारखान्यातले गुजराती मित्र, आपले काका, पहाटेच गाडी घेऊन फतेगंजला दारात हजर. "तुझ्या बापाने मला एक रविवार झोपू दिलं नाही, अने हवे, आता तू," म्हणत त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. सकाळी वढवाणा तलाव, दुपारी समुद्र, तुमचाच क्रम. तलावावर चक्रवाक होते. मी मोजले, लिहिले. आनंद वगैरे विशेष झाला नाही. आठवडाभर नंदेसरीच्या प्रयोगशाळेत आकडे लिहायचे आणि रविवारीही आकडेच.

जायचं कारण तुमच्या वह्या. इथल्या पक्षीनिरीक्षकांना जुन्या नोंदी हव्या आहेत. उद्या सकाळी द्यायच्या आहेत. त्याआधी एक पान मला त्या किनाऱ्यावर बसून पाहायचं होतं.

तुमचा नियम साधा होता. दुर्बीण एक, माणसं दोन. दोघांना दिसल्याशिवाय पक्षी पक्का नाही. किनाऱ्यावर मी नाव लिहायचं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात, पोळ्या होईपर्यंत, दोघांनी त्यापुढे आपापली बरोबरची खूण करायची. मी दहा वर्षांची असताना न दिसलेल्या खंड्यापुढे खूण केली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी न मोजलेला पार्ट पास केला, तर कुणाचा तरी हात जाईल."

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात मी सतरा वर्षांची आहे. तलावावर मी दुर्बीण तुमच्या हातात देते. पाणकावळा तोवर उडून गेलेला असतो आणि तुम्ही रिकाम्या पाण्याकडे पाहून म्हणता, "हो, दिसला." मधुमेहाने डोळे चाललेत हे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही, मापं तपासण्यावर तुमची नोकरी आहे. मी विचारत नाही. एखादं यंत्र तपासावं तशी तुम्हाला तपासते. कंबोईला ओहोटी लागली आहे, चिखलात एक खांब आहे, त्याच्या डावीकडे काहीही नाही. "बाबा, खांबाच्या डावीकडे कालवफोड्या. लाल चोच." तुम्ही बराच वेळ पाहता. "हो. छान आहे गं. लिही." मी लिहिते. घरी माझी खूण करून वही तुमच्यापुढे सरकवते आणि उठून जाते. पुढच्या रविवारी अभ्यास आहे म्हणते, त्याच्या पुढच्याही. उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

अकरा वर्षं ती वही मी उघडली नाही. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, एवढं धरून बसले होते.

आज उघडली. त्या हिवाळ्याच्या प्रत्येक पानावर एकच खूण आहे, माझी. पाणकावळ्यापुढे तुमची नाही, कालवफोड्यापुढेही नाही. मला तुम्ही हो म्हणत राहिलात. वहीला नाही म्हणालात.

काकांनी थर्मासचं झाकण पुढे केलं. "शुं थयुं, काय झालं? कोई खास पक्षी?"

"नाही."

"मग चा पी. ठंडी थाय छे."

प्रयोगशाळेत चुकीची नोंद खोडायची नसते. आधीचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि कारण. मी कालवफोड्यावर रेघ मारली, सही केली, कारण लिहिलं: निरीक्षकाची चूक. कोणत्या निरीक्षकाची, ते लिहिलं नाही. खुणांचा नियम आपल्या दोघांनाच ठाऊक. शेवटी तुम्हाला दिसत नव्हतं हे मात्र आता सगळ्यांना माहीत आहे. वही तुमची, म्हणजे चूकही ते तुमचीच समजतील. ती चूकसुद्धा नव्हती, बाबा. पेन अजून हाताशी आहे, दोन शब्दांचं काम आहे, आणि मी फार दमले आहे. वही पिशवीत घातली आहे. उद्या तशीच देईन बहुतेक.