काढलेले काटे

आई, माझा डावा हात प्लास्टरमध्ये आहे आणि मी तुझ्या सुनेवर जळते आहे. तू गेलीस, तरी तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू? कुडाळला घराच्या पायरीवर पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं, म्हणून डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. "नाचणी, दूध, तीळ खा. छोटे मासे काट्यांसकट खा. उन्हात चाला. पुढच्या वेळी खुबा मोडला तर अंथरूण सुटणार नाही," असं त्यांनी मला घाबरवून सोडलं. वहिनी शेजारीच बसली होती. माझ्याहून वयाने मोठी, गेल्या पावसात आपल्या तारकर्लीच्या घरी विहिरीपाशी आपटली आणि उठून तशीच कपडे वाळत घालायला गेली. तिला साधी सूजही आली नव्हती. डॉक्टरांकडून तिनेच मला इथे माहेरी आणलं, आणि आता रोज तिच्या हातचं खाते आहे. खाते म्हणजे, चिवडते.

तुला आठवतं का, लहानपणी माझ्या घशात काटा अडकला होता? सुक्या भाताचे गोळे गिळून गिळून तो एकदाचा खाली गेला, पण तुझ्या मनातून काही गेला नाही. त्यानंतर तू मला काट्याचा मासा कधी खाऊच दिला नाहीस. पेडव्यांसारखे बारीक मासे असले की माझ्या ताटाशी बसून एकेक काटा बोटांनी काढायचीस. माझं लग्न ठरलं तरी काढत होतीस. त्याच्या काही वर्षं आधीच वहिनी आली होती, पिंगुळीच्या भातशेतीवाल्या घरातली, माशांची फारशी सवय नसलेली. तिला मात्र तू चुलीपाशी शेजारी बसवायचीस, कोकमाची सोलं घालून मंद शिजवलेलं पेडव्यांचं तिखलं वाढायचीस आणि म्हणायचीस, "टाकू नको गो. मऊ झालेलो काटो चावन खा, हाडांका बरो." मी हात पुढे केला की, "तू थांब. तुझ्या गळ्यात अडकतलो." तिला नाचणीची आंबील ढवळायला शिकवलंस, मला आयती वाटी दिलीस. पोटच्या मुलीला सोडून सगळी विद्या सुनेच्या ओटीत घातलीस, आई. डॉक्टर म्हणतात एका पदार्थाने काही होत नाही, वय असतं, चालणं-फिरणं असतं, अंगकाठी असते. असेल. मला मात्र वहिनीची धडधाकट मनगटं दिसतात.

आज दुपारी तिने पेडव्यांचं तिखलं केलं, अगदी तुझ्यासारखं. ताट ठेवलं आणि माझा एक हात अडकलेला म्हणून काटे काढायला बसली. मी म्हटलं, "ऱ्हवांदे. आयेन तुका शिकवल्यान तसा माका पण खाऊंक येता." आवाज चढला होता माझा. तिने बोटं ताटाच्या कडेला पुसली. "माका शिकवल्यान, ह्या खरा," ती म्हणाली. "पण तुका काटे काढून भरवी, ता मी चुलीकडसून बघत ऱ्हवलंय. माज्या आवशीक आठ पोरां, माका कोण काढून देतलो? तुझो लय हेवो वाटायचो, बाय." एवढं बोलून ती भात आणायला आत गेली.

मी एक पेडवा उचलला आणि काट्यांसकट चावला. काही अडकलं नाही. भुसभुशीत लागला, थोडा आंबट. हे सगळं लिहून ठेवते आणि तुझ्या जुन्या लुगड्यांखाली सरकवते, कारण वहिनीला हे वाचू द्यायची माझी छाती नाही. तिची दया यायला हवी होती मला. इतकी वर्षं ती दुरून बघत बसली, त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, आई, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी आणखी भात मागून घेतला.