गिल्टीचा आठवडा

२८ जुलै, सोमवार

नवा शब्द आला — गिल्टी. मागच्या आठवड्यातला ‘हॅपी’ बरा होता.

मोठ्या जावेची लेक हेमांगी शहाद्याला शाळेत इंग्रजी शिकवते. आम्हा बायकांचा तिने मोबाइलवर ग्रुप केलाय. आठवड्याला एक शब्द, रोज त्याचा एक वापर, आणि आपण त्यावर वाक्य करून पाठवायचं. एकतीस वर्षं अंगणवाडीत मी पोरांना ‘काऊ म्हणजे गाय’ शिकवलं. आता काम सोडल्यावर मीच शिकतेय. मजा येते, छडी दाखवायला कोणी नाही.

आजचा वापर — फील गिल्टी. हातून चूक झाली आणि ती आत टोचत राहिली की म्हणायचं. मी लिहिलं, जेवणाआधी शेव खाल्ली की आय फील गिल्टी. हेमांगीने अंगठा पाठवला. माझं खरं वाक्य वेगळं होतं, पण ते त्या ग्रुपवर टाकण्यासारखं नव्हतं. तिची आईच आहे ना तिथे.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही. पुरणाचे दिंड उकडून खाल्ले आणि सगळे सुस्त पडले. मला हा सण आवडतो तो याच्यासाठीच.

गिल्टी लुक — म्हणजे चोरी चेहऱ्यावर दिसणं. आरशात बघून आले. काही दिसत नाही. वीस वर्षांत चेहरा चांगला तयार झालाय माझा!

संध्याकाळी जेठ आले, ह्यांचे थोरले भाऊ, भिलाभाऊ. ओट्यावर बसले, चहा घेतला, पावसाचं बोलले, कापसाचं बोलले. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, “आते कुंदनले पोरगा व्हयना. येत्या रविवारी कानबाई. औंदा रोट एकच करूत का?”

कुंदन त्यांचा मुलगा. हे म्हणाले, “बघू.” मी कपबशा उचलून आत आणल्या.

३० जुलै, बुधवार

फाउंड गिल्टी. हेमांगी सांगते — इथे तुम्ही काही बोलायचं नसतं. दुसरे ठरवतात की चूक तुमची.

लगेच जिजी आठवल्या. जिजी म्हणजे मोठी जाऊ, धनुबाई. एकदा लिहूनच टाकते. या वहीला तरी कळू दे.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, तिचा रोट असतो. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, कोंड्यासकट दळायचा, त्याच्या पोळ्या आणि खीर करायची. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कणसुद्धा द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. उरला तर पाण्यात सोडायचा, पण द्यायचा नाही. ज्यांचा रोट एक, ते एक घर.

वीस वर्षांपूर्वी आमचा रोट एक होता. तेव्हा आमच्या सालदार गड्याची बायको भिकुबाई खळ्यातल्या खोलीत राहायची. सात महिन्यांची पोटुशी. मी पाण्याचा हंडा घेऊन खळ्यात गेले, तर ती दारात बसून आमच्या चुलीकडून येणारा वास घेत होती. मागितलं काहीच नाही. मला काय झालं कोण जाणे. मागे फिरले, हाताला लागली ती वाटी उचलली, दोन पोळ्या, वर खीर, पदराआड धरून नेऊन दिली.

हाताला लागली ती वाटी जिजींना लग्नात माहेरून मिळालेली निघाली. बुडावर नाव घातलेलं — धनुबाई भिला पाटील.

दुसऱ्या दिवशी चुलतसासूने ती वाटी खळ्यातून आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवली. सासूबाई नाव वाचून जे ओरडल्या, ते आमच्या अख्ख्या रनाळे गावाने ऐकलं असेल. जिजी खाली मान घालून उभ्या. नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. आणि मी शेजारी उभी, लग्नाला अकरा वर्षं झालेली बाई, तोंडातून शब्द फुटला नाही. त्याच पंधरवड्यात दुभती म्हैस मेली. झालं, कानबाई कोपली म्हणून सगळ्यांची खात्री पटली. पुढच्या श्रावणात रोट वेगळे झाले आणि परसात भिंत आली.

सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “जिने दिला तिने गहू मोजताना सगळ्यांसमोर कबूल करावं. मगच रोट एक होईल.” त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या, पण रोटाचा घास पुन्हा तोंडात घातला नाही. दोन्हीकडचं ताट परत. राग धरून गेल्या बिचाऱ्या.

बाकी आमचं बरं चाललंय. भिंतीवरून भाजी जाते, ताक येतं. जिजी माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. तेच तर टोचतं.

३१ जुलै, गुरुवार

आजचा वापर — नॉट गिल्टी. हेमांगीने बजावून सांगितलं, याचा अर्थ माणूस निर्दोष असतोच असं नाही. सिद्ध झालं नाही, एवढंच.

म्हणजे मी. वीस वर्षं मी नॉट गिल्टी आहे.

हे दोन रात्री विचार करून आज सकाळी भावाला म्हणाले, “आईचा शब्द आहे. वहिनीने कबूल केलं तर मला रोट एक करायला आनंदच आहे.” भिलाभाऊंनी जिजींना विचारलं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मी दोडकी सोलत होते, ती सोलतच राहिले, साल संपून गर निघाला तरी.

जिजी म्हणाल्या, “त्यामा काय शे. म्हणी दिसू. नातूना पहिला रोट शे, तो एक घरमा व्हवाले पाहिजे.”

आपल्या नातवासाठी ही बाई माझी चूक स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर म्हणणार. आणि शनिवारी गहू मोजायला मीही तिथेच, पुन्हा शेजारी उभी. नाही. हे मला जमायचं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

प्लीड गिल्टी. कोणी ठरवायच्या आत आपणच उभं राहून सांगायचं. हेमांगीने वर लिहिलंय, कोर्टात असं केलं की शिक्षा कधीकधी कमी होते. मी दोनदा वाचलं.

दुपारी हे शेतात गेल्यावर जिजींच्या स्वयंपाकघरात गेले. त्या डाळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून दोन मुठी माझ्याकडे ओढल्या आणि निवडायला लागले. खडे कमी आणि डाळच जास्त काढत होते मी, त्यांनी बघितलं असणार.

मग एका दमात सांगितलं. वाटी मी नेली होती. भिकुबाईला मी दिलं होतं. तुम्ही कबूल करायचं नाही, मी करणार. आणि रडू आलं. सत्तावन्न वर्षांची बाई, लहान पोरीसारखी हुंदके देत होते.

आता जिजी काय ते बोलतील, घराबाहेर काढतील, तरी चालेल, असं मनाशी म्हणत होते. तर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “आव शीला, मी बी दिधा व्हता.”

जिजींनीही दिला होता? भिकुबाईला?

“पळसना पानवर दिधा व्हता. सकायमा. मंग ती वाटी उनी, वर मन्हं नाव. माले वाटे, पानवर दिधा का वाटीमा, मीच भुलनू.”

“मग ‘वाटीत मी दिला नाही’ असं तेव्हा का म्हणाला नाहीत?”

“कसं म्हणू? दिधा तर व्हताच.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं आणि हसायला लागलो. डाळ सांडली. कुंदनची बायको बाळाला घेऊन धावत आली, काय झालं, काय झालं. तिला काय सांगणार? जिजी डोळे पुसत म्हणाल्या, “काही नई व बाई, तू जाय.”

घरी येऊन आवडीची शेव खाल्ली. जेवणाआधी. काही टोचलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

गहू मोजायला सगळे जिजींच्या ओसरीवर. मी उभी राहून म्हणाले, चूक माझी. तिकडून जिजी म्हणाल्या, मन्ही बी. दोघी इतक्या घाईने बोललो की भिलाभाऊंना दोनदा विचारावं लागलं.

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वहिनीने कबूल करावं म्हणून अडून बसलेला माणूस! “इतकी वर्षं बोलली का नाहीस?” मी म्हटलं, भीती. ते उठून जिजींच्या पाया पडले. मला ते आवडलं, पण त्यांना सांगणार नाही, लगेच चढतात.

भिलाभाऊ, हे, कुंदन, माझा ललित आणि तीन महिन्यांचं बाळ. पाच पुरुषांच्या सव्वा सव्वा मुठी एकाच सुपात पडल्या. बाळाची मूठ जिजींनी माझ्या हातून घेतली. ललित म्हणाला, “गहू पुरुषांच्या नावाचा आणि भानगड बायकांची.” त्याला तिथेच एक टपली मारली.

आजचा वापर काय होता, पाहिलाच नाही.

३ ऑगस्ट, रविवार

रोट एक. कानबाई काय दिसतेय! गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी थोडी खारट झाली. माझ्याच हातून. लगेच कबूल केलं.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वाजतगाजत कानबाईला नदीवर पोचवून आलो. पाय दुखतात. हेमांगी नवऱ्याला घेऊन आली होती, आईला आणि मला एकत्र धरून फोटो काढला. तिला सगळी हकीकत कळली आहे. म्हणते, “काकू, तुमचं वाक्य सगळ्यात चांगलं झालं.” मी विचारलं, कोणतं? म्हणाली, “चूक माझी.”

आता नवा शब्द दे म्हटलं. उद्या देते म्हणाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

भिकुबाई निंदणीला आली. केस पांढरे झालेत, तेव्हा पोटात होता तो फुलसिंग आता कॉलेजात आहे. बांधावर चहा पिताना हसत हसत मी तिला सगळं सांगितलं, तुला त्या दिवशी एका घरातून दोनदा रोट आला म्हणून.

ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, “दोनदा नई, बाई. तीनदा. सर्वासना पहिले मोठी माय उनी व्हती. पुढे बठीसन तिना हाते खावाडं माले. कोन्हाले सांगू नको म्हणे.”

मोठी माय म्हणजे आमच्या सासूबाई.

सात वर्षं रोटाचं ताट परत केलं त्यांनी. आम्ही त्याला राग समजलो.