बिनआवाजी पंखा

२ फेब्रुवारी, रविवार
आज चार मिनिटं. दर रविवारी अकराला मुंबईहून मुलाचा व्हिडिओ कॉल. संदीप. (यापुढे सं. लिहितो, बोटं दुखतात.) "बाबा, काय घरघर आहे ती, काही ऐकू येत नाही. नंतर बोलू." नंतर म्हणजे पुढच्या रविवारी. नात चिनू मागे उड्या मारत होती, तिचे नुसते केस दिसले.
फोनवरून करा म्हणतो. फोनवर चिनू नखाएवढी, त्यात माझा मोतीबिंदू. त्याच्याच जुन्या कॉम्प्युटरला मोठा पडदा आहे म्हणून तर हा खटाटोप.

३ फेब्रु.
सं.नं कॉलेजात असताना गेम खेळायला हा डबा स्वतः जोडला. मी सीपीयू म्हणायचो, तो सुधारायचा, "कॅबिनेट, बाबा." आतलं ग्राफिक कार्ड तापतं आणि दहा मिनिटांत सगळं बंद. म्हणून डब्याची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावतो. तो टेबलफॅन म्हणजे पिठाची गिरणी.
अलोऱ्याच्या कॉलनीत राहून तीस वर्षं वीज प्रकल्पावर फिटर होतो. पंप, पंखे, ब्लोअर सगळं माझ्याकडे. एक टेबलफॅन मला हरवणार?

५ फेब्रु.
बाजारात परकारच्या दुकानात गेलो. दाढी पिकली त्याची कॉम्प्युटर दुरुस्त करता करता. म्हणाला, "काका, कार्डाच्या खाली मागे रिकामे स्लॉट असतात बघा, तिथं पट्टीवर बसतो तो स्लॉट फॅन. इथं कोण विचारत नाय, मागवावा लागेल. एक ब्लोअर येतो, एक साधा दोन पंख्यांचा."
ताडकन म्हटलं, ब्लोअर.
"काका, दुसरा बघा की..."
मी कसला ऐकतोय. ब्लोअर काय असतो ते हा मला शिकवणार!

९ फेब्रु., रवि.
कॉल नाही. त्यांच्याकडे पाहुणे.

११ फेब्रु.
आला. मांडवीला समुद्र दारात, खारी हवा, मागचे स्क्रू गंजून बसलेले. खोबरेल सोडून तासभर थांबलो. बसवला, चालू केला. बोंबला! शिट्टी.
स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. बेअरिंग ठणठणीत. पंख्याचा दोष नाहीच. एवढ्याशा तोंडातून वारा दामटला की शिट्टीच वाजणार. प्रकल्पावरच्या गोंगाटात ती मला कधी ऐकूच आली नाही, एवढंच. शहाणपणा नडला.

१६ फेब्रु., रवि.
तीन मिनिटं. "बाबा, कुकर लावलाय का?" चिनू खिदळली. मीही हसलो.
कॉल संपल्यावर खरंच कुकर लावला. भात जास्त झाला. ही जाऊन तीन वर्षं झाली, अजून एका माणसाचा अंदाज येत नाही.

१८ फेब्रु.
परकारकडे मान खाली घालून. टोचून बोलला नाही. "होतं काका असं." दुसरा मागवला. चहा आला. पंख्याचं बोलणं पाच मिनिटांत संपलं होतं, तरी बसून राहिलो. त्यानंही उठा म्हटलं नाही. भला माणूस.

२७ फेब्रु.
नवा बसवला. मोठ्या पात्यांचे दोन पंखे, सावकाश फिरणारे. वेग आणखी कमी करायला परकारनं एक छोटी वायर दिली.
नारळ वाढवला. गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज या घरात नवा पंखा आलाय. त्याला गप फिरू दे, रविवारचं बोलणं लांबू दे रे म्हाराजा." गाऱ्हाणं घालणारा एक चालतो, पण "व्हय म्हाराजा" म्हणायला मागे माणसं लागतात. मीच म्हटलं. पाठीमागे वळून पाहिलं, उगाच.
दोन तास चालला, डबा बंद करून. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली तरी नुसती झुळूक. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

२ मार्च, रवि.
"अरे वा, बाबा! एकदम क्लिअर!"
मग: बरे आहात ना? बरा. जेवण? होतं. तिकडे गरम? आहे. चिनू "हाय आजोबा" म्हणून पळाली. मग कोणीच काही बोलेना. मी त्याच्याकडे बघतोय, तो खाली मोबाईलकडे. मी ब्लोअरची गोष्ट काढली, शिट्टीपर्यंत आलो, "बाबा, जरा बाहेर जायचंय."
पाच मिनिटं.
नाचता येईना अंगण वाकडं. इतके महिने दोघं मिळून त्या टेबलफॅनला शिव्या घालत होतो.
आणि त्याला तरी काय बोलू? पाळीवरून आलो की माझं डोकं उठलेलं असायचं. दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "आवाज बंद करा रे." तो आणि त्याची आई बोलत असायची, दोघंही गप्प व्हायची. रोज. तो गप्प बसायला माझ्याकडेच शिकला.
रडलो. लिहून ठेवतो, कोण वाचतंय.

६ मार्च
शेजारच्या शिर्केवहिनी विचारत होत्या, "शिमग्याला पालखी येईल तुमच्याकडं, संदीप येतोय ना?" दोन वर्षं आला नाही. बघू म्हटलं.

९ मार्च, रवि.
सकाळी नव्या पंख्याची वायर काढली. पट्टीचा स्क्रूही. डबा उघडला, टेबलफॅन समोर लावला.
अकरा. "बाबा, परत घरघर?"
"सीपीयू परत बिघडला रे. मला नाही जमत."
"कॅबिनेट, बाबा." मग म्हणाला, "तुम्हाला जमत नाही?"
"नाही. तू जोडलायस, तूच येऊन बघ. शिमग्याला ये. पालखी पण आहे."
तो ओरडून, त्या घरघरीवर, "त्या ब्लोअरचं काय झालं होतं? शिट्टी वाजत होती ना?" म्हणजे ऐकत होता. मीही ओरडून सगळं सांगितलं. खोबरेल, कुकर, परकार. चिनू कानात बोटं घालून ऐकत बसली.
"कॅमेरा आत धरा बघू, मी इथनं सांगतो."
"मला नाही दिसत आतलं. मोतीबिंदू."
माझ्याकडे बघून म्हणाला, "बघतो, सुट्टी मिळते का."
सतरा मिनिटं झाली.
बघतो म्हणालाय. स्क्रू शर्टाच्या खिशात ठेवलाय.