कोशाचं समदं

मी, शकुंतलाबाई, दिवंगत तुलाराम सेलोकर यांची पत्नी, वय बहात्तर, धंदा शिवणकाम व थोडी धानाची शेती, राहणार आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगत आहे व माझी नात टीना लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, यावरून काय ते समजावे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालू पाहणारे दोघे आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवले.

कलम १. राहते घर व बोडीखालचे, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावरचे, शेत मुलगा वीरेंद्र याला. शेत विकू नये ही फक्त विनंती. अट घातली तर तो तेवढ्यासाठीच विकेल. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, माझ्या मशीनच्या जागी मोटरसायकल लावू नये, ही मात्र अट आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक सुनेला. ती मागणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम ३. पायमशीन व कात्र्या टीनाला. शेजारचा धर्मेंद्र मोठी कात्री मागायला येईल, देऊ नये. मागे त्याने त्या कात्रीने पत्रा कापला. हे त्याला वाचून दाखवले आहे.

कलम ४. लेसची पेटी. इथे जरा सविस्तर सांगावे लागते.

माझ्या सासूबाई सुंदरबाई आयुष्यभर क्रोशाच्या सुईने लेस विणत. 'क्र' त्यांच्या जिभेला जमत नसे, क्रोशाला त्या कोशाच म्हणत. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले, "कोशाचं समदं गुड्डीले देजो." गुड्डी म्हणजे माझी ननंद, कागदोपत्री सुशीलाबाई. आता घरात सासूबाईंची कोशाची रेशमी साडीही होती. आम्ही सगळ्यांनी ती साडीच धरली आणि तेरवीला चार माणसांदेखत गुड्डीच्या हातात दिली. लेस माझ्याकडे राहिली.

पुढच्याच महिन्यात टीना जन्मली. मी पेटीतली लेस कापून तिला कुंची शिवली. बारशाला गुड्डीने ती कुंची पाहिली आणि पाहुण्यांसमोर म्हणाली, "माय मले सुईच्या कामाचं सांगून गेली, वहिनी. एका साडीले कोनी समदं म्हनते का? अन् तुमी मायच्या हातचं कापून टाकलं!" ती न जेवता निघून गेली. टीना आता भंडाऱ्याला कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत गुड्डीने या घराची पायरी चढलेली नाही.

सासूबाईंच्या मनात साडी होती की लेस, मला आजही ठाऊक नाही. पण कापल्याची मला खंत नाही, हे नोंदवावे. घडी घालून जपलेली लेस घडीवरच चिरते. मी ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, फूल मोडणार नाही अशा जागी कापली, कडेला काजटाका घातला. तिचे पोलक्यांचे गळे झाले, टीनाचे फ्रॉक झाले. फ्रॉक फाटले तेव्हा उसवून उशीच्या अभ्र्यांना लावली. गावातल्या दोन नवऱ्या मुलींच्या ओढणीलाही ती लागली आहे. पेटीत राहिली असती तर आज तिचा भुगा झाला असता.

उरलेली लेस, ती कुंची आणि सासूबाईंची सुई गुड्डीला द्यावी. तिने कापावी की ठेवावी, तिची मर्जी. मला तिची फार आठवण येते. लेस कुठे कापायची हे जिला विचारता आले असते अशी घरात ती एकटीच होती.

कलम ५. साक्षीदार. एक धर्मेंद्र. दुसरी गुड्डीच हवी, म्हणून टीनाला तिच्याकडे वरठीला धाडले. घ्यायला बोलावले तर ती येणार नाही, सही द्यायला बोलावले तर येईल, एवढी मी तिला ओळखते. ती आज आली आहे. सपरीतच बसली, आत आली नाही.

तुमसरच्या वकिलांनी बजावले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. मी हे गुड्डीला सांगितले. ती म्हणाली, "मंग माही सही घ्या. पेटी राहू द्या."

म्हणून कलम ४ मधले देणे मी रद्द करते. पेटी आत्ताच, माझ्या जिवंतपणी, तिच्या मांडीवर ठेवली आहे. या मृत्युपत्रातून तिला काहीही मिळत नाही, त्यामुळे तिच्या सहीला कोणी हरकत घेऊ नये. तिने पेटी उघडून कुंची काढली, उलटी करून कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "काजटाका बरा आहे." टीनाने लिहू का म्हणून विचारले. मी म्हटले, जसेच्या तसे लिही.

ठिकाण आंबागड, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५.

सही: शकुंतलाबाई तुलाराम सेलोकर

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली:

१. धर्मेंद्र बांते, शेजारी, आंबागड. (कात्रीबाबतचा मजकूर मान्य नाही.)

२. सुशीलाबाई ऊर्फ गुड्डी हटवार, ननंद, वरठी. सही करून घरात आल्या. जेवून जातील.